आकडा पाठ, पण थंडावा कशानं येतो ते ठाऊक नाही

महोदय,

मार्च उजाडला की जळगावात माझ्या दुकानातला फोन खाली ठेवता येत नाही. आयटीआयचा दोन वर्षांचा रेफ्रिजरेशनचा ट्रेड करून मी या धंद्यात आलो, त्याला आता एकतीस वर्षं झाली. गेल्या आठवड्यात एक प्रकार घडला, तो मनातून जात नाही म्हणून हे पत्र.

सीझनसाठी एक पोरगा कामाला ठेवलाय. हात चांगला आहे, फ्लेअर (जोडासाठी तांब्याच्या नळीचं पसरवलेलं तोंड) सुरेख काढतो, भर उन्हात गच्चीवर चढायला कुरकुरत नाही. दोन महिन्यांचा एसीचा कोर्स करून आलेला. त्याला एका घरी सर्व्हिसिंगला पाठवलं. एसी आर-३२ गॅसचा होता. चालू एसीला त्यानं गेज, म्हणजे दाब मोजायचं मीटर लावलं, तर काटा १२० पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं माप). कोर्समध्ये त्याच्याकडून ‘साठ-सत्तर’ घोकून घेतलेलं. गॅस जास्त झालाय असं समजून त्यानं काटा सत्तरवर येईपर्यंत गॅस हवेत सोडून दिला. दुसऱ्या दिवशी त्या घरून फोन आला : इनडोअरच्या कॉइलवर बर्फ धरलाय, हवाच येत नाही.

साठ-सत्तर हा आकडा जुन्या आर-२२ चा. इनडोअरच्या कॉइलमध्ये गॅस द्रवरूपात येतो आणि तिथे उकळतो. सत्तरच्या दाबाला आर-२२ साधारण ५ अंशांना उकळतो, पण आर-३२ त्याच दाबाला उणे १० च्या आसपास. कॉइल शून्याखाली गेली की हवेतला ओलावा तिच्यावर गोठणारच. शिवाय आर-३२ पेट घेऊ शकतो, आणि हवेत गेला तर त्याची तापमानवाढीची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो पट आहे. पोराचा यात दोष नाही. त्याला आकडा दिला, आकड्यामागचं कारण दिलंच नाही.

त्या रात्री दुकान बंद केल्यावर त्याला कुकरचं उदाहरण देऊन समजावलं. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी शंभराच्या वर जाऊन उकळतं. एसीच्या इनडोअरमध्ये याच्या उलट : दाब कमी असतो, म्हणून गॅस खोलीतल्या उष्णतेवरच उकळतो आणि उकळताना ती उष्णता ओढून घेतो. कॉम्प्रेसर मग ती वाफ दाबून इतकी तापवतो की आमच्या चव्वेचाळीस अंशांच्या उन्हातसुद्धा आउटडोअर ती उष्णता बाहेर टाकू शकतो. पोरगा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “काका, मग गॅस संपतो कसा?”

संपत नाही. बंद नळीत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. एका निवृत्त बाईंच्या घरी सलग तीन उन्हाळे दर वेळी कोणी ना कोणी येऊन गॅस भरून पैसे घेऊन गेला होता. मी आउटडोअरचं झाकण काढलं, तर फ्लेअर नटाखाली तेलाचा ओला डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं, म्हणून तो डागच गळतीची जागा दाखवतो. साबणाचा फेस लावला, बुडबुडे आले. फ्लेअर नवा काढला, नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते पाहिलं, पंपानं नळीतली हवा आणि ओलावा ओढून व्हॅक्यूम केलं, मगच गॅस भरला. काही जण दाब तपासायला ऑक्सिजन वापरतात. तेलाशी गाठ पडली तर त्याचा स्फोट होतो, जीव जातो.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं म्हटलं होतं. माझा छोट्या कोर्सना विरोध नाही. घरच्या परिस्थितीमुळे प्रत्येकाला दोन वर्षं देता येत नाहीत. पण कोर्स चालवणाऱ्यांनी पहिले पंधरा दिवस पोरांच्या हातात गॅसची टाकी देऊ नये. थर्मामीटर, गेज आणि निरनिराळ्या गॅसचा दाब-तापमानाचा तक्ता द्यावा, आणि तो वाचता आल्याशिवाय प्रमाणपत्र देऊ नये.

वाचकांनाही विनंती आहे. मेकॅनिक ‘गॅस संपलाय’ म्हणाला तर ‘गळती कुठे आहे, दाखवा’ असं म्हणा. आणि व्हॅक्यूम पंप आणलाय का, तेही विचारा.

— एक एसी मेकॅनिक, जळगाव