मशेरीची डबी हातात घेणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला पेशंट पुष्कळ, आम्ही आठवणार नाही कदाचित. हिरवं इरकल नेसलेली, तोंडाला पदर लावून बसलेली, नावाचा पुकारा झाला तरी न उठणारी बाई माझी आई होती.

ती उठत नव्हती याला कारण होतं. तुमच्याकडे येण्याआधी आम्ही शहरातले दोन दवाखाने करून आलो होतो. पहिल्याने दाढेला कॅप सुचवली, खर्चाचा आकडा सांगितला. खालच्या ओठाच्या आतला पांढरा चट्टा त्याला दिसलाच नाही. दिसला असता तर त्याचं बिल कशाचं करणार, हाही प्रश्नच! दुसऱ्याला दिसला. "या वयात मशेरी लावता, लाज नाही वाटत?" असं तो भरल्या वेटिंग रूमला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला. त्यानंतर आठ महिने आईने कुणापुढे तोंड उघडलं नाही. माझ्यापुढेही नाही.

तुम्ही तिला आधी खुर्चीत झोपवलंच नाही. शेजारी स्टूल ओढून बसलात आणि म्हणालात, "मावशी, डबी आणलीय का? दाखवा की." आईने चोरी पकडल्यासारखी कनवटीची डबी काढली. तुम्ही झाकण उघडून वास घेतलात. "खरपूस भाजलीय. तव्यावर की खापरावर?"

बस्स. आई हसली. आठ महिन्यांनी तिचे काळे दात मी पाहिले.

पुढचं सगळं त्या वासाने झालं असं मी मानतो. तुकडा तपासणीला गेला, कॅन्सर निघाला नाही, पण चट्ट्यावर नजर ठेवावी लागेल हे तुम्ही मला नाही, तिला समजावलंत. आरसा तिच्या हातात देऊन.

नंतर तुमच्या बोलण्यातून कळलं की तुमच्या आजीची तंबाखू दुकानातून आणायचं काम लहानपणी तुमच्याकडेच असायचं. दातांच्या डॉक्टरकीची, म्हणजे बीडीएसची चार वर्षं, वर्षभर इंटर्नशिप, मग त्यातल्याच पुढच्या शिक्षणाची, एमडीएसची तीन वर्षं. सोबतचे क्लिपा आणि रूट कॅनालकडे वळले, तुम्ही सार्वजनिक आरोग्याचा विषय घेतलात. तेव्हा घरचे म्हणाले होते, "यात दवाखाना कसा टाकणार?" टाकला नाहीतच. गुरुवारी आठवडी बाजारात टेबल टाकता. सुपारी-गुटखा खाणाऱ्या पोरांना, तोंड किती उघडतं ते बघायला, तोंडात तीन बोटं उभी घालायला लावता. दोनच गेली की पोरगं आपोआप गप्प होतं. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे म्हणे, टपरीवाल्याला कुणीतरी कळवायला हवं. आणि मशेरी तर आपल्याच चुलीवर भाजली जाते, तिच्यावर धाड कोण घालणार? तिथे तुमच्यासारखं स्टूल ओढून बसणारंच माणूस लागतं. अशी माणसं सरकारी पगारात, गळक्या छपराखाली, दुपारी दोनलाही न चिडता बोलताना पाहिली की मला आपल्या लोकांबद्दल पुन्हा बरं वाटायला लागतं.

हे पत्र आईला वाचून दाखवलं. तिने मध्येच थांबवलं. "सुटली म्हणून लिहू नगंस. दुपारची आन् रातची सुटली, सकाळची एक हाय अजून. त्या पोरीला खोटं कळवू नगं."

तर मॅडम, सकाळची एक आहे अजून. पुढच्या तपासणीला डबी घेऊनच येतो.

तुमचा कृतज्ञ,
मावशींचा मुलगा