मी मे महिन्यात येत नाहीये

पोर्ट ब्लेअर, एप्रिल २००५

तीर्थरूप आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

आधी मुद्द्याचं सांगून टाकते, म्हणजे आई तू पत्र शेवटाकडून वाचायला घेणार नाहीस. मी ठणठणीत आहे, २८ मार्चच्या रात्रीच्या भूकंपात इथे काही झालं नाही, आणि मी मे महिन्यात येत नाहीये. तिकीट रद्द केलंय. डिसेंबरपर्यंत इथेच त्सुनामीच्या मदतकामाला राहते असं संस्थेला कळवूनही टाकलंय. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर बाबा "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणाले असते आणि दोन दिवस नीट जेवले नसते, आणि आई तू सरळ नाही म्हणाली असतीस, मग माझ्याच्याने काही झालं नसतं.

दादाला प्रिंट मोठ्या अक्षरात काढायला सांगितलंय. बाबा, चष्मा पुसून बसा, आणि आईला वाचून दाखवताना मधल्या ओळी गाळायच्या नाहीत. तुमची ती सवय मला माहितेय.

तर २८ तारखेचं. तो भूकंप ८.६ चा होता हे खरंय, पण तो सुमात्राजवळ नियास बेटापाशी झाला आणि तिकडे शेकडो माणसं गेली. इथे रात्री साडेनऊनंतर हलल्यासारखं झालं, आणि डिसेंबरची त्सुनामी बघितलेली माणसं ती, कोण घरात थांबणार, सगळे पोरंबाळं उचलून चढावर पळाले, मीही गेले, रात्रभर रस्त्यावर बसलो, कुणीतरी चहा केला, पाणी आलं नाही. फोन लागत नव्हता कारण सगळेच एकदम फोन करत होते. माझी खोली डिलानीपूरला आहे, ती मुळात चढावर, समुद्र खिडकीतून दिसतो तेवढाच. घरमालकीण तामिळ आहेत, दार वाजवून भात देतात, नको म्हटलं तर रागावतात, म्हणजे थोडक्यात आई तिथेही आहे. नळाला रोज पाणी नसतं पण बादल्या भरून ठेवते. मच्छरदाणी लावून झोपते, निकोबारला जाताना मलेरियाच्या गोळ्या घेते, पाणी उकळून पिते. वजन जरा उतरलंय, ते तसंही उतरायला हवं होतं.

आता तू मागच्या वेळी फोनवर विचारलंस ना, तू डॉक्टर नाहीस, इंजिनिअर नाहीस, मग तिथे नक्की करतेस काय? तेव्हा लाईन कट झाली (खरंच झाली होती). मी आई बोटी मोजते. म्हणजे चेन्नईहून किंवा कोलकात्याहून जहाज निघतं, तीनेक दिवसांनी हॅडोच्या धक्क्याला लागतं, तिथे माल उतरतो, गोडाऊनला जातो, मग ज्या बेटाला जायचा त्या बेटाच्या जहाजावर पुन्हा चढतो. तिथे पोचल्यावर जेटी नाहीत, बहुतेक मोडून गेल्यात, त्यामुळे जहाज लांब उभं राहतं, माल छोट्या बोटीत नाहीतर नौदलाच्या लँडिंग क्राफ्टवर, तिथून गुडघाभर पाण्यातून डोक्यावर. छपराचा एक पत्रा किती हातांतून जातो बघ. आणि एवढं करून कळतं की पत्रे एका बेटावर उतरलेत आणि ते बसवायचे जे-हुक अन् वॉशर दुसऱ्याच बेटावर. मग मी पोलिसांच्या वायरलेसवर कुणाकुणाला विनवत बसते, की दादा, तेवढी ती पेटी पुढच्या फेरीला टाका. त्यात निकोबार जिल्हा आदिवासींसाठी राखीव, बाहेरच्या माणसाला ट्रायबल पासशिवाय पाय ठेवता येत नाही (ते योग्यच आहे म्हणा, इथल्या लोकांनी एवढी गर्दी आधी कधी बघितली नसेल), त्यामुळे कुणाचा पास कधी संपतोय तेही माझ्याकडेच. वरचा सगळा कारभार इंटिग्रेटेड रिलीफ कमांडकडे आहे, प्रशासन आणि तिन्ही सैन्यदलं एकत्र, आणि त्याचे प्रमुख कोण तर नायब राज्यपाल राम कापसे, ठाण्याचे खासदार होते ते! बाबा, तुमची छाती फुगेल पण मी त्यांना लांबूनच बघितलंय, ओळख काढायला गेले नाही, तुम्हीही कुणाला काही सांगू नका.

आणि आई, आता जरा नाजूक विषय. तुमच्या मंडळाने गोळा केलेले गठ्ठे. तुम्ही सगळ्यांनी किती जीव लावून धुऊन इस्त्री करून बांधले असतील ते मला दिसतंय गं, शेजारच्या काकूंनी तर नवीन स्वेटर विणला म्हणालीस. पण इथे बारा महिने घाम येतो. आधीच गोडाऊनमध्ये देशभरातून आलेल्या ब्लँकेटची आणि लोकरीच्या कपड्यांची थप्पी आहे, आणि जहाजावर जागा तेवढीच असते, त्यात स्वेटर गेला की खिळे राहतात. काकूंना हे असं सांगू नकोस. सांग की तिकडे सध्या कपडे पुरेसे झालेत, आपल्याकडच्या अनाथाश्रमाला थंडीत देऊ. खोटं नाहीये ते.

मुळात इथे कोण काय पाठवायचं ते ठरवतं आणि ज्याला पाठवायचं त्याला कुणी विचारत नाही, हीच सगळी गोची आहे. निकोबारी लोकांचं कुटुंब म्हणजे आपल्यासारखं चौघांचं नसतं, त्याला तुहेत म्हणतात, कार निकोबारला एकेका तुहेतमध्ये शंभराच्या वरही माणसं असतात, जमीन, नारळाची झाडं, डुकरं सगळं सामायिक. आणि आपण त्यांची यादी करायला घेतली नवरा-बायको-दोन मुलं अशी! पातेली आली पाच माणसांच्या मापाची. मदतीचे चेकसुद्धा वेगवेगळ्या नावांनी. ज्यांनी कधी वाटण्या केल्या नाहीत त्यांच्यात आपण कागदावर वाटण्या करतोय. बाबा, आप्पाकाकांच्या वेळचं आठवा, एक सही आणि काय काय झालं ते. म्हणून मी याद्यांवरून भांडते.

तिथल्या एका गावाच्या कॅप्टनना (गावच्या मुखियाला कॅप्टन म्हणतात) मी एकदा सरळ विचारलं, तुम्हाला काय हवंय. म्हणाले, करवती, कुऱ्हाडी, कोयते, खिळे आणि होड्या. बाकी आमचं आम्ही बघतो. घर बांधायला आम्हाला येतं. मी ते लिहून घेतलं, यादीत वर टाकलं, दोनदा खोडलं गेलं, तिसऱ्यांदा ते साहित्य जहाजावर चढलं. एवढीच माझी कर्तबगारी.

आता मी का थांबतेय ते. मे महिन्यात, साधारण वीस तारखेच्या आगेमागे, इथे पाऊस लागतो. समुद्र खवळला की छोट्या बोटी किनाऱ्याला लागायचं कठीण, म्हणजे जे पोचायचं ते आत्ताच पोचायला हवं. चौरा बेटाची माणसं तेरेसावर आणून ठेवलीत, ट्रिंकेटची कामोर्टावर, स्वतःचं बेट समोर नाहीतर शेजारीच, आणि ही बिचारी ताडपत्रीखाली. तात्पुरती पत्र्याची घरं उभी राहतायत. त्यांची जुनी घरं खांबांवरची, गवताने शाकारलेली, खालून वारा खेळायचा. आता पत्रा. दुपारी आत बसवत नाही. बाबा, तुम्ही १९९३ ला किल्लारीला गेला होतात तेव्हा परत आल्यावर पत्र्याच्या शेडबद्दल जे चिडून बोलायचात ना, तेच मी आता मीटिंगमध्ये बोलते, तुमच्याच आवाजात. तेव्हा कुणी तुम्हाला अडवलं होतं का हो? आईचा हात प्लॅस्टरमध्ये होता तरी गेलातच. हे मी टोमणा म्हणून नाही लिहीत. बरं, थोडा टोमणा आहे.

हेही पटत नसेल तर एक सांगते. कॅम्पबेल बे म्हणजे अगदी दक्षिणेला, ग्रेट निकोबारवर. तिथे सरकारने १९६९ पासून माजी सैनिकांना जमिनी देऊन वसवलं, पंजाबचे, केरळचे, आणि आपले महाराष्ट्रातलेही. तिथल्या छावणीत एक आजोबा भेटले, मी नाव सांगितल्याबरोबर मराठीत सुरू झाले, जरा अडखळत, शब्द शोधत. त्यांनी लाटेतून काय वाचवलं असेल तर जमिनीची कागदं, पिशवीत पिशवी, त्यात पिशवी, वर रबर. अगदी बाबा. आणि मला विचारतात, जमीन आता पाण्याखाली आहे, मग हा कागद चालेल का? कारण बेटच खचलंय, इंदिरा पॉईंटचं दीपगृह पाण्यात उभं आहे, तिथली जमीन चार मीटरहून जास्त खाली गेली, आणि वर उत्तर अंदमानात उलटं, जमीन उचलली जाऊन प्रवाळ उघडे पडलेत. समुद्राखालच्या जमिनीचा कागद चालतो का, मला काय माहीत! मी म्हटलं विचारून सांगते. अजून विचारतेच आहे, या टेबलावरून त्या टेबलावर. मध्येच मेला निघून आले तर त्यांना कोण सांगणार? दुसरं कुणीतरी सांगेल, हो, मलाही माहितेय, जगात माझ्यावाचून काही अडत नाही. पण नवीन माणसाला कुठल्या कॅप्टनला काय हवंय आणि कुठलं जहाज कधी सुटतं हे कळेपर्यंत पाऊस येईल.

बाबा, तुमचं डोळ्याचं ऑपरेशन. मी नाही म्हणून पुढे ढकलायचं नाही. मला ठाऊक आहे, तुम्ही मनातल्या मनात ठरवलं होतंत की मी आले की करू. मला कांजिण्या आल्या होत्या तेव्हा तुम्ही रजा टाकून कडुनिंबाच्या डहाळीने वारा घालत बसला होतात, खाजवू नको म्हणून दोन्ही हात धरून ठेवले होतेत, आणि मी तुमच्या डोळ्यात थेंब घालायलाही नसणार, हे मला इथे रात्री झोपताना टोचतं, दिवसा कामात नाही टोचत. पण दादा आहे, वहिनी तर माझ्यापेक्षा शिस्तीची आहे. तिला थेंबांचं वेळापत्रक फ्रिजवर लावायला सांगितलंय.

आता ऐका. ऑपरेशनच्या आधी शुगर आणि बीपी दोन्ही तपासून घ्यायचं, बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आपणहून सांगायचं, ते विचारतील म्हणून वाट बघायची नाही. नंतर डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, खाली वाकायचं नाही, कुंड्या उचलायच्या नाहीत, कुंड्या मेल्या तरी चालतील. आई, तू स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाहीस. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला नाही घेतलेला. आणि रोज संध्याकाळी बातम्या लावून अंदमान शोधत बसू नका, त्या हेलिकॉप्टरवर बाण मारणाऱ्या सेंटिनेली माणसाचा फोटो बघून तू मला विचारलंस ना तिथे सगळे असेच का, तर नाही गं, तो बाण मारतोय म्हणजे तो जिवंत आहे, सगळ्यांना तेवढंच बघायचं होतं. मी त्यांच्या बेटाच्या जवळपासही जात नाही, कुणालाच परवानगी नसते.

रविवारी सकाळी मी एसटीडीवरून फोन करीन. निकोबारला गेले असेन तर दोन-दोन आठवडे फोन येणार नाही, त्याचा अर्थ तिथे लाईन नाही एवढाच घ्यायचा, जाण्याआधी दादाला कळवून जाईन. पैशाची काळजी नको, मानधन मिळतं आणि खर्चायला इथे वेळच नसतो. लग्नाचं जे स्थळ आलंय म्हणालात त्यांना खरं ते सांगा, मुलगी डिसेंबरपर्यंत नाहीये, थांबायचं तर थांबा. आई, रागावून अबोला धरू नकोस, रागावायचं असेल तर फोनवर रागव, मी पैसे टाकत राहीन.

दोघांना नमस्कार, दादा-वहिनीला आठवण, पिल्लूला सांगा आत्या शिंपले आणतेय.

तुमची,
छबी

ता. क. ऑपरेशनची तारीख ठरली की त्याच दिवशी दादाला मला मेल टाकायला सांगा. आणि बाबा, लेन्स स्वस्तातली घेऊन पैसे वाचवलेत असं मला कळलं तर मी खरंच भांडेन. फरक मी भरतेय, दादाच्या खात्यात टाकलेत.