तळं तर आधीही होतंच!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत वाइनवर लेख आहे. त्यात म्हटलंय की अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याच्या फिंगर लेक्स भागात तळ्यांच्या कृपेने जर्मन रीसलिंग हे वाइनचं द्राक्ष ‘आपोआप’ रुजलं. त्या ‘आपोआप’पाशी मी अडखळले. शाळेत तीस वर्षं शेती विषय शिकवला, कलम बांधताना मुलांची बोटं कापलेली पाहिली आहेत, म्हणून लिहिते.

रीसलिंग मी ओळखायचे ते बाटलीवरून. यजमानांनी जर्मनीहून मोझेलकाठची एक उंच, निमुळती, हिरवी बाटली आणली होती. रिकामी झाल्यावरही ती बरीच वर्षं खिडकीत उभी होती. मागच्या नोव्हेंबरात लेकीकडे गेले, तेव्हा तिथल्याच क्यूका तळ्याकाठच्या एका वायनरीत हुबेहूब तशीच बाटली दिसली. ‘एवढ्या लांबून मागवतात?’ असं मी विचारलं, तर जावयाने काचेबाहेर बोट दाखवलं. उतारावर वेलींच्या रांगा खाली पाण्याकडे गेलेल्या.

मी बाहेर गेले. प्रत्येक वेलीच्या बुंध्याशी मातीचा ताजा ढिगारा होता. आपण आल्याला भर लावतो तसा, पण चांगला वीतभर उंच. रांगेच्या टोकाला एका वेलीची भर राहून गेली होती. तिथे वाकून पाहिलं तर खोडावर कलमाची गाठ, हाताला खरखरीत. मग उलगडा झाला. खाली अमेरिकन खुंट, म्हणजे मुळांचा भाग, वर रीसलिंग. कडाक्याच्या थंडीत वरचं खोड मेलं तरी मातीखाली झाकलेले रीसलिंगचे डोळे (जिथून कोंब फुटतात ते) जगतात आणि त्यांतून नवा वेल उभा करता येतो. वसंतात ही माती पुन्हा ओढून काढावी लागते, नाहीतर वरच्या जातीलाच मुळं फुटतात आणि खुंट बांधल्याचा उपयोग राहत नाही. दरवर्षी हे सगळं करायचं. आपोआप!

तळ्यांचा उपकार खराच. शेजारचं सेनेका तळं सुमारे 188 मीटर खोल आहे, ते क्वचितच गोठतं. हिवाळ्यात काठाला ऊब देतं, वसंतात गार राहून डोळे लवकर फुटू देत नाही. पण तळं तर आधीही होतंच ना? तरी तिथे लावायचे ती काँकर्ड, कटॉबा अशी तिकडचीच द्राक्षं. युरोपातली जात या थंडीत टिकणार नाही, असंच बहुतेक जाणकार सांगत.

ते खोडून काढलं युक्रेनहून आलेल्या डॉ. कॉन्स्टंटिन फ्रँक यांनी. 1951 मध्ये अमेरिकेत आले तेव्हा पन्नाशी उलटलेली, द्राक्षशेतीतली डॉक्टरेट पदरी, पण इंग्रजी येत नव्हतं. न्यूयॉर्क राज्यातल्याच जिनिव्हा गावच्या शेती संशोधन केंद्रात त्यांना काम मिळालं ते ब्लूबेरीची खुरपणी करण्याचं. (भाषा येत नाही म्हणजे अक्कलही नाही, हा समज बहुधा सगळीकडेच असावा.) त्यांचं म्हणणं होतं की आमच्याकडे याहून बोचरी थंडी पडते, अडचण खुंटाची आहे. हिवाळ्याआधी काडी पक्व करणारा खुंट हवा. गोल्ड सील वायनरीचे फ्रेंच प्रमुख शार्ल फूर्निये यांनी त्यांना कामावर घेतलं. दोघे थंडी सोसणारे खुंट शोधत फिरले आणि कॅनडात क्वेबेकच्या एका मठात त्यांना तसे वेल सापडले. 1957 च्या फेब्रुवारीत पारा उणे 32 सेल्सिअसच्या आसपास उतरला. तिकडच्या कणखर म्हणवणाऱ्या जातींनाही तडाखा बसला, पण फ्रँकच्या कलमांना फळ धरलं. 1962 मध्ये त्यांनी क्यूकाकाठी स्वतःची वायनरी काढली.

मी वाइन पिणाऱ्यांतली नाही. तरी तिथे एक घोट घेतला. आंबट, स्वच्छ, हिरव्या सफरचंदासारखा. यजमानांच्या बाटलीतली चव कशी होती, ते त्यांना विचारायचं राहूनच गेलं.

लेखकमहाशयांना पुन्हा तिकडे पाठवणार असाल, तर नोव्हेंबरात पाठवा आणि वाइनच्या टेबलावरून उठून दहा पावलं बाहेर जायला सांगा. तोवर ‘आपोआप’ची तेवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शेतीशिक्षिका