खारफुटी सहलीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, सहल विभाग

विषय : 1 फेब्रुवारीच्या सहलीचे निम्मे पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

रविवार, 1 फेब्रुवारी 2026 च्या तुमच्या सहलीची मी पाच तिकिटं काढली होती. मी, सून आणि तीन नातवंडं, माणशी 850 रुपये. जाहिरातीत लिहिलं होतं, 'तज्ज्ञासोबत खारफुटीची श्वसनमुळं जवळून पाहा'. ठिकाण धारावीचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. उद्यानाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, आहे ती तुमच्याबद्दल.

त्या दिवशी माघी पौर्णिमा होती. आमच्या माहीमच्या कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आणि तुम्ही आम्हाला बरोबर अकराला मिठी नदीच्या काठावर नेऊन उभं केलंत! मुळं पाण्याखाली, वर थर्मोकोल आणि पिशव्या तरंगताहेत. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं दाखवते म्हणून मी नातवाला आणलेलं. "आजी, पेन्सिली कुठायत?" तुमचे तज्ज्ञ म्हणाले, "सध्या सीझन नाही." अहो, मुळांना कसला सीझन? अष्टमी धरली असतीत तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला आणि दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी मिळाली असती. भिंतीवरचं कॅलेंडर बघायला तज्ज्ञ लागत नाही.

शेवटी हाताशी आलेल्या तिवराच्या, म्हणजे खारफुटीतल्याच एका झाडाच्या, फांदीचं एक पान मीच मुलांना दाखवलं. पानावर मिठाचे बारीक कण चमकत होते. धाकटीने जीभ लावली आणि तोंड वाकडं केलं, "खारट!" अख्ख्या सहलीत मुलांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, आणि त्याचे पैसे तुम्ही घेतलेत.

बसमध्ये तज्ज्ञांनी माइकवरून सांगितलं की हे मुंबईचं मूळ जंगल आहे, इंग्रजांच्याही आधीपासूनचं. तिथे मला राहवलं नाही. 1977 पर्यंत ही शहराची कचरापट्टी होती. 1983 मध्ये डॉ. सलीम अलींच्या हस्ते झाडं लावायला सुरुवात झाली, 1994 मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. एनएसएसची पोरगी म्हणून मीही तिथे खड्डे खणलेत. कुदळ मारली की मातीऐवजी काचा आणि चपलांचे तळवे निघायचे, आणि वास तर घरी आंघोळ केल्यावरही जायचा नाही. आजचे 37 एकर माणसांनी हातांनी उभे केलेत, हे मी बोलले तर तुमचे तज्ज्ञ म्हणाले, "मॅडम, प्रश्न शेवटी." शेवट आलाच नाही, कारण बस साडेबाराला निघाली.

तर 4,250 रुपयांपैकी निम्मे, म्हणजे 2,125 रुपये, 15 दिवसांत ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करा. जाहिरातीतला 'तज्ज्ञ' हा शब्द काढा, नाहीतर खरा माणूस आणा. पुढच्या तारखा भरती-ओहोटी बघून लावा. पैसे आले नाहीत तर मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आहे.

उत्तर फोनवर नको, लेखी द्या.

आपली,
पाच तिकिटांची ग्राहक, माहीम
3 फेब्रुवारी 2026