थायलंडची व्हिसामाफी आणि कोकणातली गैरसमजूत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीत थायलंडच्या सहलींविषयी अधूनमधून मजकूर येतो आणि त्यात भारतीयांना तिथे जायला व्हिसा लागत नाही, हे वाक्य हमखास ठळक अक्षरांत असते. वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. मुंबई-पुण्याच्या वाचकाला ते सहलीचे आमंत्रण वाटते. आमच्या गुहागर-दापोलीकडे मात्र पिढ्यानपिढ्या घरटी एखादा माणूस मुंबईला, आखातात किंवा जहाजावर असतो. इथे परदेशाचा पहिला अर्थ नोकरी हाच असल्यामुळे तेच वाक्य ‘चला, आता कागदपत्रांची कटकट संपली’ अशा अर्थाने वाचले जाते. या गैरसमजुतीचा फायदा उठवणारे लोक गावोगाव फिरत आहेत, म्हणून हे पत्र थोडे लांबले तरी आपण छापावे, ही विनंती.

थायलंडने भारतीयांसाठी ही सवलत एकदम दिलेली नाही. पूर्वी विमानतळावर उतरल्यावर २,००० बाट (थायलंडचे चलन) भरून १५ दिवसांचा व्हिसा मिळत असे. १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाविना ३० दिवस राहता येऊ लागले. त्यानंतर १५ जुलै २०२४ पासून ९३ देशांच्या नागरिकांना ६० दिवसांची मुभा देण्यात आली आणि त्या यादीत भारतही होता. तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात १,९०० बाट भरून केलेला अर्ज मंजूर झाला, तर आणखी ३० दिवस वाढवून मिळण्याची सोय होती. मुदत पुन्हा ३० दिवसांवर आणण्याचा विचार तिथल्या सरकारने २०२५ मध्येच बोलून दाखवला होता. त्यामुळे तिकीट काढताना जुन्या बातमीच्या कात्रणावर न विसंबता मुंबईतील थाई वाणिज्य दूतावासाची ताजी सूचना पाहणे शहाणपणाचे. दिवस कितीही असोत, ही सवलत पाहुण्यासाठी आहे. सहल, ओळखीपाळखीच्यांची भेट, फार तर व्यवसायाच्या थोडक्या वाटाघाटी एवढ्यापुरतीच ती चालते. परतीचे तिकीट, राहण्याचा पत्ता, खर्चापुरते पैसे यांची विचारणा काउंटरवरचा अधिकारी करू शकतो आणि उत्तराने समाधान झाले नाही, तर तिथूनच परत पाठवू शकतो. १ मे २०२५ पासून तर पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. तो सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य आहे, तरीही त्याचे पैसे उकळणारी संकेतस्थळे निघाली आहेतच.

आता गैरसमजुतीकडे येतो. आमच्या वाडीतील एका मुलाने मला आपल्या मोबाइलवर आलेली ‘ऑफर’ दाखवली. बँकॉकमध्ये डेटा एंट्रीचे काम, पगार महिना एक हजार डॉलर, राहणे-जेवण कंपनीचे, मुलाखत फोनवरच, आणि खाली एक ओळ : ‘व्हिसा फ्री कंट्री, म्हणून व्हिसा खर्च नाही. इमिग्रेशनला टुरिस्ट म्हणून सांगायचे.’ कंपनीचा पत्ता नाही, नोंदणी क्रमांक नाही, करारपत्र ‘तिकडे गेल्यावर’ मिळणार. परतीचे तिकीट काउंटरवर दाखवण्यापुरते काढून नंतर रद्द करायचे, अशी समजूतही त्यात घातली होती. मुलगा बारावी झालेला, टायपिंग येणारा, दोन वर्षे तात्पुरत्या नोकऱ्या करून कंटाळलेला. त्याला त्या शेवटच्या ओळीत काही गैर दिसले नाही, कारण वर्तमानपत्रातही व्हिसा लागत नाही असेच छापून येते, असे त्याचे म्हणणे.

थायलंडमध्ये परदेशी माणसाला पगारी काम करायचे, तर आधी त्या कारणाचा नॉन-इमिग्रंट ‘बी’ व्हिसा आणि नंतर कामाचा परवाना, असे दोन्ही लागतात. त्यासाठीचे कागद तिथली कंपनी पुरवते. टुरिस्ट म्हणून जा आणि तिथे गेल्यावर सगळे करून देऊ, असे सांगणारी कंपनी नियम बाजूला ठेवूनच बोलत असते. शिवाय पर्यटकांचा गाइड, केशकर्तन, दुकानातली विक्री, थाई मसाज अशी कित्येक कामे तिथल्या कायद्याने थाई नागरिकांसाठीच राखून ठेवलेली आहेत. त्यामुळे दुकानात विक्रीला उभे राहण्याची नोकरी देतो म्हणणारा एजंट तर चक्क बेकायदा गोष्ट विकत असतो.

याचा शेवट कुठे होतो, हे आता साऱ्या देशाला माहीत आहे. थायलंडच्या ताक प्रांतातील मे सोत या सीमेवरच्या शहरासमोर, मोई नदीपलीकडे, म्यानमारमधील म्यावाडी आहे. बँकॉकला उतरवलेली मुले गाडीत घालून तिथे नेली जातात, नदी ओलांडवली जाते आणि कुंपणाच्या आत बसवून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीचे काम करून घेतले जाते. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने अशा बनावट नोकऱ्यांविषयी सप्टेंबर २०२२ मध्येच इशारा दिला होता. तरीही मार्च २०२५ मध्ये हवाई दलाची दोन विमाने पाठवून ५४९ भारतीयांना मे सोतहून परत आणावे लागले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा विमाने पाठवण्याची वेळ आली. त्या वेळी पळून थायलंडच्या बाजूला आलेल्यांना आधी थाई पोलिसांनी ताब्यात घेतले होते, कारण ते सीमा बेकायदा ओलांडून आले होते. ज्या देशाने हसतमुखाने पाहुणा म्हणून आत घेतले, त्याच देशात ही मुले काही महिन्यांत घुसखोर ठरली.

इराणचे उदाहरण याहून बोलके आहे. ४ फेब्रुवारी २०२४ पासून इराणने भारतीय पर्यटकांना १५ दिवसांची व्हिसामाफी दिली होती. नोकरीच्या किंवा पुढे तिसऱ्या देशात पोहोचवण्याच्या आमिषाने नेलेल्या भारतीयांचे तिथे खंडणीसाठी अपहरण होऊ लागले आणि २२ नोव्हेंबर २०२५ पासून साध्या पासपोर्टधारकांची ती सवलत इराणने थांबवली. एजंटांच्या उद्योगामुळे प्रामाणिक प्रवाशाचीही वाट बंद होते, ती अशी.

माझ्या मते व्हिसामाफीने एक गोष्ट नकळत नाहीशी केली. व्हिसाचा अर्ज कितीही कटकटीचा असला, तरी घर सोडण्यापूर्वी कोणीतरी ‘तुम्ही कशासाठी जाता?’ असे लेखी विचारत होते आणि त्या उत्तराला पुरावा मागत होते. आता तो प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो तो विमानतळावरच्या काउंटरवर, तोवर एजंटाचे पैसे पोहोचलेले असतात आणि उत्तरही त्यानेच पढवलेले असते. आपल्या देशाच्या बाजूने एक चाळणी आहे, पण तिची भोके मोठी आहेत. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरची, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्यापूर्वी सरकारी तपासणी आवश्यक असल्याची, नोंद असते आणि अशा माणसाला ठरावीक १८ देशांत नोकरीला जायचे, तर परवानगी घ्यावी लागते. त्या यादीत आखाती देशांबरोबर थायलंड आणि मलेशियाही आहेत. परंतु आमच्याकडची बहुतेक मुले दहावी-बारावी झालेली असल्यामुळे त्यांच्या पासपोर्टवर ही नोंदच नसते, आणि ज्यांच्या पासपोर्टवर असते त्यांनाही ‘टुरिस्ट’ म्हणून सहज पाठवता येते. शिकलेल्या मुलाला संरक्षणाची गरज नाही हे गृहीतक आज उलटे पडले आहे. म्यावाडीवाल्यांना इंग्रजी टाइप करता येणारेच हवे असतात.

याचा अर्थ कोणी थायलंडला जास्त दिवस राहूच नये, असे मुळीच नाही. सरळ मार्ग आहेत आणि आपल्या पुरवणीने खरे तर त्यांची माहिती द्यायला हवी. लॅपटॉपवर बसून भारतातल्या किंवा अन्य देशातल्या कंपनीचे काम करणाऱ्यांसाठी थायलंडने जुलै २०२४ मध्ये ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ सुरू केला. तो पाच वर्षांचा असून एका खेपेस १८० दिवस राहता येते. वय किमान २० वर्षे, खात्यात पाच लाख बाट म्हणजे आपले बारा लाखांच्या वर शिल्लक, आणि नोकरीचा किंवा स्वतंत्र व्यवसायाचा पुरावा, या त्याच्या मुख्य अटी आहेत. थाई बॉक्सिंग किंवा थाई पाककला शिकणाऱ्यांना, तसेच वैद्यकीय उपचारांसाठी जाणाऱ्यांनाही तो मिळू शकतो. चिपळूण-देवरुखची कितीतरी मुले आज घरून आयटीचे काम करतात. त्यांच्यापैकी कोणाला सहा महिने चियांग माईला राहून काम करावेसे वाटले, तर हा रस्ता त्याच्यासाठी आहे. मात्र या व्हिसावर थाई कंपनीत नोकरी करता येत नाही आणि अर्ज थायलंडबाहेर असतानाच करावा लागतो. ‘आधी जाऊ, मग बघू’ इथे चालत नाही.

पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी वर्षभराचा निवृत्तिवेतनधारकांचा व्हिसा आहे. बँकेत आठ लाख बाट किंवा महिना ६५,००० बाट उत्पन्न, पोलिसांचा दाखला आणि आरोग्य विमा एवढे जमत असेल तर तो मिळू शकतो. त्यावरही नोकरी करता येत नाही. इकडच्या पेन्शनीत तो हिशेब बहुतेकांना बसायचा नाही, हेही सांगून टाकतो. विद्यार्थ्यांचा व्हिसा वेगळा आणि धनिकांचे दहा वर्षांचे मार्ग वेगळे, पण त्यांच्यासाठी पत्राची जागा खर्च करण्याचे कारण नाही.

काही महाभाग तिसरा मार्ग सांगतात. मुदत संपत आली की शेजारच्या देशात एक फेरी मारायची आणि नवा शिक्का घेऊन परत शिरायचे. थाई इमिग्रेशनने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले की, योग्य कारण नसताना दोनहून अधिक वेळा असे करणाऱ्याला प्रवेश नाकारला जाईल. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दिवसाला ५०० बाट आणि कमाल २०,००० बाट दंड आहे. हा आकडा ऐकून ‘एवढेच ना’ म्हणणारेही मी पाहिले आहेत. पण स्वतःहून हजर न होता पकडले गेल्यास मुदत एक दिवसाने का ओलांडलेली असेना, पाच वर्षे प्रवेशबंदी होते, आणि ओलांडून वर्ष उलटले असेल तर दहा वर्षे. पंचविशीतल्या मुलाच्या पासपोर्टवर असा शिक्का बसणे म्हणजे जहाजाच्या नोकरीलाही अडसर.

जाता जाता उलट दिशेचेही सांगतो, कारण किनाऱ्यावर घरगुती निवास चालवणाऱ्यांना ते लागू आहे. थाई नागरिकाला भारतात यायला व्हिसा काढावाच लागतो, म्हणजे ही माफी एकतर्फी आहे. कोणताही परदेशी पाहुणा आपल्या घरी उतरला, तर घरमालकाने २४ तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती देणारा फॉर्म (पूर्वीपासून ‘फॉर्म सी’ म्हणून ओळखला जाणारा) ऑनलाइन भरायचा असतो. थायलंडमध्येही घरमालकावर हेच बंधन आहे. आमच्याकडे मात्र हर्णैपासून तारकर्लीपर्यंत कित्येक यजमानांना असा फॉर्म असतो हेच ठाऊक नाही. निवासाची नोंदणी करून देणाऱ्या यंत्रणेने त्याच दिवशी हा फॉर्म भरायला शिकवले, तर फार मोठे काम होईल.

आपल्याकडे आणि प्रशासनाकडे माझे मागणे मोजके आहे. ‘व्हिसाविना’ असा मथळा आला, की त्याखाली चार ओळींची चौकट द्यावी : किती दिवस, कशासाठी, नोकरीस परवानगी नाही, आणि जास्त राहायचे असल्यास अर्ज कुठे करायचा. सहल कंपन्यांच्या जाहिरातींशेजारी ‘परदेशात नोकरी’च्या छोट्या जाहिराती छापताना एजंटाचा ई-मायग्रेट (परदेशी नोकरीसाठीचे परराष्ट्र मंत्रालयाचे पोर्टल) नोंदणी क्रमांक मागावा आणि तो नसेल तर जाहिरात परत करावी. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येतात. इकडे दीड-दोन लाखांचे आकडे सर्रास ऐकू येतात, तेव्हा हा नियमही त्या चौकटीत यावा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्हा प्रशासनांनी गणपतीत, म्हणजे चाकरमानी आणि गावची मुले एकत्र असतात तेव्हा, ग्रामपंचायतींच्या फलकांवर ही माहिती मराठीत लावावी. पोलीस पाटलांना आणि कनिष्ठ महाविद्यालयांनाही ती पाठवावी. ज्यांचे मूल आधीच तिकडे गेले आहे आणि फोन लागत नाही, अशा घरांसाठी बँकॉकच्या भारतीय दूतावासाशी आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलशी संपर्क कसा साधायचा, तक्रारीत पासपोर्टची प्रत, तिकीट, एजंटाशी झालेले मेसेज आणि पैसे भरल्याची पावती कशी जोडायची, याचेही टिपण त्याच फलकावर असावे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
गुहागर, जि. रत्नागिरी