लेझर शो नंतर, आधी लाल पास

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ च्या जागेवर महापालिकेचं वस्त्रोद्योग संग्रहालय व्हायचं ठरलं, त्याला बरीच वर्षं झाली. त्याविषयी काही छापून आलं की तळं, संगीतावर नाचणारं कारंजं, मल्टिमीडिया शो हे शब्द हमखास असतात. गिरणगावात वाढलेल्या माणसाचा प्रश्न साधा आहे. त्या शोमध्ये दाखवणार काय?

डिजिटल तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. माझं पोटच त्यावर चालतं. म्हणूनच सांगतो, पडदा, प्रोजेक्टर, व्हीआर चष्मा हे सगळं पैसे मोजले की कधीही मिळतं. त्यात भरायचा ऐवज मात्र रोज कमी होतोय, आणि तो गोळा करायचं काम कुणाच्याच टेबलावर दिसत नाही.

कावसजी दावरशेटनी १८५४ मध्ये ताडदेवला गिरणी काढायचं ठरवलं तिथपासून १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपापर्यंतचा इतिहास आपल्याला माहीत आहे. पुढे जमिनींचं काय झालं तेही. फिनिक्स मिलची चिमणी मॉलमध्ये उभी आहे, श्रीनिवास मिलच्या जागी टॉवर आले. ते उगाळत बसत नाही.

पण संपाच्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या घरात आहे. तेव्हाचे कामगारांवर देखरेख ठेवणारे जॉबर आणि मुकादम आणखी थकलेले, बरेचसे गेलेले. अडीच लाखांच्या आसपास माणसं त्या संपात होती. त्यातली कितीतरी रत्नागिरी-सिंधुदुर्गात, साताऱ्याकडे, कोल्हापूरकडे गावी परतली. साचा खात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, कानठळ्या बसवणाऱ्या खडखडाटात ही माणसं ओठांच्या हालचालींवरून आणि हातवाऱ्यांनी बोलत. धागा तुटला की चिमटीत दोन्ही टोकं धरून क्षणात गाठ मारत. ती गाठ कशी मारायची ते लिहून कळत नाही, हात बघावे लागतात. साधा कॅमेरा, बरा माइक आणि त्या खात्यातली भाषा समजणारा मुलाखतकार एवढं पुरे. सूत गुंडाळणाऱ्या वाइंडिंग खात्यातल्या बायकांकडे तर आवर्जून जा. संपाच्या गोष्टीत नेहमी पुरुषच बोलतात.

माणसं शोधायची कुठं, असं आपलं खातं विचारेल. यादी सरकारकडेच आहे. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाकडे दीड लाखाच्या आसपास अर्ज आले. पात्रता ठरवायला गिरणीत काम केल्याचे कागद मागितले : तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, रजेचं रजिस्टर, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर. लोकांनी ट्रंकांच्या तळातून ते काढून दिले. घरासाठी जमा झालेला हा कागद गिरणगावाच्या इतिहासाचं मोठं दफ्तर आहे. कोण कुठल्या गिरणीत, कुठल्या खात्यात, किती वर्षं, हे त्यात आहे. संबंधितांची लेखी संमती घ्या, पत्ते-आधार झाका आणि नीट स्कॅन करून पुराभिलेख संचालनालयाकडे द्या. घराचा प्रश्न सुटायच्या आधी त्याच माणसांकडे आठवणी मागायला जाणं मला स्वतःला जड जाईल. घरांचं काम आपल्या खात्याचं नाही, पण मंत्रिमंडळात आपण बसता.

आता इमारतींचं. उरलेल्या शेड आणि चिमण्यांपैकी बऱ्याच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे केंद्राच्या ताब्यात आहेत. करवतीच्या दात्यांसारखी ती छपरं शोभेसाठी नव्हती. काचा उत्तरेकडे, म्हणजे मागावर थेट ऊन पडत नाही आणि दिवसभर सारखा उजेड मिळतो. आत हवा दमट ठेवायची, नाहीतर सूत तुटतं. दर पावसाळ्यात त्यातलं काहीतरी कोसळतं. लेझर स्कॅनरने अशी एक शेड मोजायला फार दिवस लागत नाहीत. छप्पर पडलं तरी मापं हातात राहतात. केंद्राकडून परवानगी मिळवणं आपल्या पातळीवरच होऊ शकतं, आमच्यासारख्यांना गेटवरचा वॉचमन आत सोडत नाही.

मात्र स्कॅन झालं म्हणून इमारत पाडायला हरकत नाही, असा अर्थ कुणी काढू नये. ही पळवाट बिल्डरांना माझ्याआधीच सुचली असेल. जर्मनीत एसेनची झोल्फराइन कोळसा खाण १९८६ मध्ये बंद पडली आणि २००१ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, कारण यंत्रं आणि इमारती जागच्या जागी राहिल्या. आपल्याकडे यंत्रं भंगारात गेली. म्हणून काळाचौकीला दोन-चार साचे तरी खरोखर चालते हवेत, तेलाच्या वासासकट. त्यांचा आवाज स्पीकरमधून ऐकवू नका.

आणि जे जमेल ते मराठीत, मोबाइलवर, फुकट ठेवा. लोअर परळच्या ऑफिसात बसलेल्या पोराला आपण कुठल्या गिरणीच्या कुठल्या खात्यावर बसलोय हे फोनवर दिसलं पाहिजे. टॉवरवाल्यांना दारात तशी पाटी लावायला भाग पाडा. एवढं चटईक्षेत्र मिळालंय, पाटीला जागा निघेल.

निधीची मागणी आज करत नाही. म्हाडाला एक पत्र जावं, कागद जपण्याचं आणि ऐंशी ओलांडलेल्या अर्जदारांची जिल्हावार यादी काढण्याचं. संपर्क आधी म्हाडानेच करावा आणि जे हो म्हणतील त्यांचीच नावं पुढं द्यावीत. मुलाखती घ्यायला लालबाग-परळची पोरं तयार आहेत, कॅमेरे आमचे. गणपतीत अर्धं गिरणगाव कोकणात असतंच, सुरुवात तिथूनच करता येईल. फक्त यादी त्याआधी हातात पडावी.

आपला,
लालबागचा एक रहिवासी