पद्मिनी बोलली!

महाल, नागपूर
तान्हा पोळा

प्रिय सुध्या,

पद्मिनी चालू झाली! फोनवर सांगितलं असतं तर तू लगेच 'व्हिडिओ पाठव' म्हणाला असतास, म्हणून पत्र.

बाबा गेल्यापासून सात वर्षं त्यांची ही जुनी फियाट अंगणात कडुलिंबाखाली उभी. सुरुवात मी शहाण्यासारखी केली. चारही प्लग काढले, सिलिंडरमध्ये चमचा-चमचा ऑइल सोडून रात्रभर मुरू दिलं आणि सकाळी चौथा गिअर टाकून गल्लीतल्या पोट्ट्यांना ढकलायला लावलं. इंजिन फिरलं, म्हणजे जाम नव्हतं. नवी बॅटरी घातली. स्टार्टर गरागरा फिरतोय, पण गाडी हूं की चूं करेना. कुणीतरी म्हणालं कार्बोरेटर गेला, अन् मी येड्यासारखं किट आणून बसवलं. काही फरक नाही.

शेवटी बाबांच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. निवांत चहा प्यायले आणि म्हणाले, "ठिणगी पाहिली काय, बाप्पा?"

नव्हती पाहिली!

प्लग वायरला जोडून इंजिनच्या लोखंडाला टेकवला, सेल्फ मारला. ठिणगी नाहीच. डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं तर ठिणगी घडवणाऱ्या पॉइंटवर पांढुरका थर. त्यांनी पॉलिश पेपर फिरवला, फीलर गेजने गॅप लावला. निळी ठिणगी! कार्बोरेटरच्या तोंडात थोडं पेट्रोल ओतलं तर गाडी दोन सेकंद गुरगुरली आणि गप्प झाली. मिस्त्री खूश. म्हणजे आता फक्त पेट्रोल पोचत नव्हतं.

टाकीतलं सात वर्षांचं पेट्रोल काढलं, वास थेट वॉर्निशचा. पंपाचा डायफ्राम कडक झालेला, रबरी नळीला चिरा, त्यातून पंप नुसती हवा ओढत होता. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते सोसत नाही; त्यामुळे नळ्या सगळ्याच बदलणार आहे. तोवर मिस्त्रींनी बॉनेटला सलाईनसारखी पेट्रोलची बाटली टांगली.

बाहेर मारबतीच्या मिरवणुकीत 'घेऊन जा गे मारबत' चा गजर, अंगणात हिचा निळा धूर. आई खोकत खोकत हसत होती.

रस्त्यावर काढायची मात्र अजून हिंमत नाही. ब्रेक पेडल थेट तळाला जातं. शंकरनगरच्या वळणावर काका तुला "ब्रेक, ब्रेक!" ओरडले होते, आठवतं ना? तेव्हा निदान ब्रेक होते.

तर दिवाळीला येताना नाना पेठेतून चारही चाकांची व्हील सिलिंडर किट घेऊन ये. नीट बघून घे, फियाटचीच.

तुझा,
बंड्या